गार्गीच्या शेगडीचा वास

२ डिसेंबर, सोमवार. सकाळ.

गार्गीचा सप्पोरोहून फोन. शेगडीला वास येतोय. कसला ते सांगता येत नाही, पण बाबा, इट्स हॉरिबल, म्हणाली. आठवा महिना चालू आहे तिला. उलट्या कधीच थांबल्या होत्या, त्या पुन्हा सुरू झाल्या. म्हणून शेगडी बंद. बाहेर उणे पाच, आणि माझी मुलगी दोन रजया पांघरून, हातमोजे घालून सोफ्यावर बसली आहे. जावयानं, म्हणजे प्रबोधनं, एक छोटा विजेचा हीटर आणलाय. तो फक्त समोर बसणाऱ्याचे गुडघे तापवतो.

इथे सिंगापुरात, यिशुनमध्ये, पंखा पाचवर आणि तरी बनियन भिजलेला. मला पोहे गेले नाहीत. सविता, म्हणजे गार्गीची आई, म्हणते दोनदा घेतले. घेतले असतील. चव लागली नाही असं म्हणायचंय मला.

केस मी हातात घेतली आहे. सगळी हयात बँकेत ऑपरेशन्समध्ये गेली. चूक कुठे झाली ते शोधणं हेच माझं काम. जुलैमध्ये रिटायर झाल्यापासून कुणी चूक घेऊन येतच नाही, त्यामुळे हात शिवशिवत होतेच.

पार्श्वभूमी. त्यांच्याकडे पेलेटची शेगडी आहे. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेले तुकडे, दिसायला थेट गाठी शेव. शेगडीला मागे टाकी असते, तीत ओतायचे, पुढचं शेगडी बघते. ऑक्टोबरात आम्ही गेलो होतो तेव्हा हिवाळ्याचा सगळा साठा मीच भरून दिला. प्रबोध पोती तशीच प्लास्टिकमध्ये ठेवणार होता! म्हटलं, अरे, वर्षाचं सामान असं ठेवतात का? सगळी पोती फोडली. बाल्कनीत चादरी पसरून पेलेटना ऊन दाखवलं. (समोरच्या बिल्डिंगमधल्या जपानी बाई खिडकीत उभ्या राहून बघत होत्या. शिकल्या असतील काहीतरी.) मग झाकणाची पिंपं आणून त्यांत भरले आणि आई गव्हात टाकायची तशा प्रत्येक पिंपात तळाशी, मध्ये आणि वर वेखंड आणि खडा हिंगाच्या पुरचुंड्या. वेखंड इथूनच नेलं होतं, लिटल इंडियातून. दुकानदार तमिळ. घरात बाळ आलं का म्हणून विचारत होता, कारण त्यांच्यातही ते बाळासाठीच नेतात. म्हटलं, बाळ जानेवारीत, हे लाकडासाठी. त्यानं पैसे दोनदा मोजून घेतले.

त्या पिंपांत आजतागायत एक किडा नाही. म्हणजे साठवणुकीत दोष नाही, हे पहिल्याच दिवशी निकालात निघालं. आता बाकीचं बघायचं.

अजून एक. सविताचं चार जानेवारीचं तिकीट काढलंय. माझं नाही. गार्गी म्हणते, घर लहान आहे बाबा, तुम्ही नंतर या. मला बाळ जन्मेल तेव्हा तिथे असायचंय. हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसवलं तरी चालेल. हे कुणाला बोललेलो नाही, इथे लिहून ठेवतो. वास शोधून काढला की मग कोण म्हणतंय नंतर या ते बघू.

रविवारपर्यंत सोक्षमोक्ष.

३ डिसेंबर, मंगळवार.

साक्षी घेतल्या. वास नक्की कशासारखा, एका वाक्यात सांगा, म्हटलं.

गार्गी: साताऱ्याच्या आजीच्या कपाटासारखा.

प्रबोध: फोडणीत हिंग जळल्यासारखा. पण औषधीपण.

दोन्ही साक्षी बाद. गार्गीला या दिवसांत माहेरची, आजीची आठवण येणारच, सगळीकडे कपाट दिसणारच. प्रबोध स्वयंपाक करतो आणि त्याची फोडणी जळते हे मी ऑक्टोबरात स्वतः पाहिलंय. लग्नाआधीच सांगायला हवं होतं कुणीतरी.

५ डिसेंबर, गुरुवार.

दिवसभर इंटरनेट. पेलेटला वास येण्याची कारणं भयंकर आहेत. ओलीनं बुरशी. जुन्या फर्निचरचा भुसा, त्यातला गोंद आणि रंग. चुकीच्या झाडाचं लाकूड. एका गृहस्थांच्या पेलेटला मासळीचा वास येत होता, का ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी घर विकलं.

संध्याकाळी व्हिडिओवर तपासणी. प्रबोधला म्हटलं, मूठभर घे, नाकाशी धर, डोळे मीट. त्यानं ते केलं आणि शिंकला. मग म्हणाला, बाबा, मी पिंपं रिकामी करून तळाशी बघू का? मी जरा रागावलोच. म्हटलं, भरलेलं पिंप उपसायचं नसतं. बंदोबस्त मोडतो. त्यापेक्षा दुकानदाराला जाब विचार. तो म्हणाला दुकानदाराला विचारलं, बाकी कुणाचीच तक्रार नाही. मी म्हटलं, जपानी माणसं तक्रार करत नाहीत, हीच तर अडचण आहे.

सविता मागून म्हणाली, ऐकून घ्या की त्याचं. हिला तपासणीतलं काय कळतंय?

८ डिसेंबर, रविवार.

सोक्षमोक्ष झाला नाही. नमुना हातात नसताना कुणीच करू शकलं नसतं. प्रबोधला सांगितलंय, त्याचा एक सहकारी बुधवारी सिंगापूरला येतोय, त्याच्याबरोबर बरणीभर पेलेट पाठव.

सप्पोरो उणे आठ. गार्गी म्हणाली नाकाचा शेंडा बधिर होतो. मला एसी लावायची लाज वाटली. लावला नाही. मग सवितानं लावला.

९ डिसेंबर, सोमवार.

तुलनेसाठी चांगला नमुना हवा. सेरंगूनच्या मॉलमध्ये पेट शॉपमध्ये अगदी असेच पेलेट मिळाले. इथे ते मांजरांच्या शीसाठी वापरतात. दुकानातल्या मुलीनं विचारलं, अंकल, युअर कॅट हाऊ ओल्ड? म्हटलं मांजर नाही, मुलगी आहे, जपानला असते, तिला थंडी वाजते. ती म्हणाली ओके अंकल, आणि पिशवी दिली.

घरी वाटीत घेऊन नाकाला सराव सुरू केला. जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा. सविता म्हणाली मांजराच्या वाट्या निदान वेगळ्या ठेवा.

१२ डिसेंबर, गुरुवार.

नमुना आला! प्रबोधच्या सहकाऱ्याला भेटायला मरीन परेडला त्याच्या सर्व्हिस अपार्टमेंटवर गेलो. बिचारा बरणी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून बाल्कनीत ठेवून बसला होता. हातात देताना म्हणाला, सर, बॅगेतल्या शर्टांना पण लागलाय.

बसमध्येच उघडली. आणि काय सांगू, वास छान आहे! मला तरी काहीच खटकलं नाही. उबदार, स्वच्छ, घरातला वाटावा असा वास. मांजरवाल्या पेलेटना काही म्हणजे काही वास नाही आणि या नमुन्याला व्यक्तिमत्त्व आहे. शेजारी बसलेला माणूस मात्र उठून पुढे गेला. त्याचा स्टॉप असेल.

आता कोडं आणखी गहन. ज्याला घाण वास नाही त्याचा घाण वास गार्गीला येतो कसा?

मी आंघोळीला गेलो तेवढ्यात सवितानं बरणी उघडली. बाहेर आलो तर ही पदर तोंडाला लावून खुर्चीत बसलेली, खांदे हलतायत. म्हटलं उलटी होतेय का? मान हलवली आणि फोन घेऊन बेडरूममध्ये गेली. दार लावून गार्गीशी बोलणं. बराच वेळ. हसण्याचे आवाज. पलीकडून प्रबोधही हसत होता. बाळंतपणाचे विषय असतील, त्यात आपण पडू नये. पण प्रबोध का?

१३ डिसेंबर, शुक्रवार.

आज गार्गीचा स्वतःहून फोन. किती गोड बोलली! म्हणाली, बाबा, तुम्ही नीट डिटेलमध्ये रिपोर्ट करा. घाई नको. टेक युअर टाइम. म्हटलं, तू थंडीत बसली आहेस आणि मी टाइम कसा घेऊ? ती म्हणाली, हीटर चांगला आहे तो. आय कॅन टहान. इथल्या शाळेत शिकलेली मुलगी, असले शब्द अजून जात नाहीत. सहन करीन, एवढाच अर्थ.

डोळ्यांत पाणी आलं. कुणावर गेली असेल एवढी सोशिक?

शिवाय, रिपोर्ट हवाय म्हणजे माझी गरज आहे. तिकिटाचं बघायला हरकत नाही.

१५ डिसेंबर, रविवार.

पेलेट नुसता हुंगून भागणार नाही, जाळून बघायला हवा. प्रश्न असा की या देशात जाळायचं कुठे? घरात धूर झाला तर अलार्म. बार्बेक्यूची जागा बुक करायला रांग.

मग सुचलं. ब्लॉकखाली लोखंडी पिंप आहे, त्यात चिनी लोक पितरांसाठी कागद जाळतात. आज त्यांची पौर्णिमा, दुपारनंतर तिथे थोडा विस्तव होताच. बरणीतले मूठभर पेलेट टाकले आणि वाकून धूर हुंगत उभा राहिलो. खोकला आला. डोळ्यांतून धारा. तरी सोडलं नाही, चेहरा पुसत पुन्हा वाकलो.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या को आंटी आल्या. बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. मग हळूच विचारलं, अंकल, हू पास अवे? मला खोकल्यानं बोलता येईना. मी वर, साधारण जपानच्या दिशेला हात करून एवढंच म्हणू शकलो, माय डॉटर. त्यांनी तोंडावर हात घेतला. स्वतःच्या पिशवीतलं एक संत्रं काढून माझ्या हातात दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि स्वतःच्या कागदांतले थोडे माझ्यासाठी जाळले.

भली बाई. निष्कर्ष: जाळल्यावरही वास वाईट नाही, पण खोकला येतो.

१६ डिसेंबर, सोमवार.

भयंकर दिवस. लिफ्टमध्ये को आंटींनी सविताला मिठी मारली आणि रडल्या. सविताला आधी वाटलं त्यांच्याकडे कुणी गेलं. मग कळलं आपल्याकडचं.

सविता घरी आली ती पांढरीफटक. आठव्या महिन्यातल्या पोरीबद्दल हे अभद्र! आधी देवापुढे दिवा लावला, मग माझ्याकडे वळली. मी तिच्याबरोबर चौथ्या मजल्यावर जाऊन खुलासा केला. डॉटर नॉट डेड, डॉटर प्रेग्नंट, स्टोव्ह स्मेलिंग. को आंटी म्हणाल्या, अय्यो अंकल, नेक्स्ट टाइम यू डोन्ट पॉइंट अप लाह.

संत्रं परत दिलं. त्यांनी घेतलं नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार.

लिफ्टपाशी टाऊन कौन्सिलची सूचना लागली आहे: जाळण्याच्या पिंपात कचरा टाकू नये. सवितानं मला मोठ्यानं वाचून दाखवली. सूचना सर्वांसाठी असते.

२२ डिसेंबर, रविवार.

व्हिडिओवर गार्गी दिसली. अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट! बाहेर उणे दहा आणि ही टी-शर्टवर, वर गालही लाल. म्हटलं, अगं स्वेटर घाल! तर म्हणाली, इतकं गरम होतंय बाबा, आणि एकदम थांबून प्रबोधकडे बघितलं. मग म्हणाली, आय मीन, प्रेग्नन्सीत होतं असं.

होत असेल. पण सविताच्या वेळी असं काही झाल्याचं आठवत नाही. मागे काहीतरी नारिंगी चमकत होतं. नाताळचे दिवे लावले असतील.

शेगडीचं विचारलं. आहे तसंच, म्हणाली. रिपोर्ट कुठवर आला? म्हटलं, निम्मा झाला. मस्त, म्हणाली, उरलेला सावकाश करा. एवढी उत्सुकता बँकेत कुणी कधी दाखवली नव्हती.

२८ डिसेंबर, शनिवार.

कोट घेतला. जाड, लोकरी, गुडघ्यापर्यंत. इथे थंडीच्या कपड्यांची दुकानं आहेत आणि ती चालतात, म्हणजे जाणारे लोक आहेत. मी जाणार नाही असं कुणीही अजून स्पष्ट म्हटलेलं नाही. नंतर या म्हणालेत. नंतर म्हणजे नक्की कधी ते उघडं आहे.

थंडीची सवय करायला सुपरमार्केटमध्ये फ्रोझनच्या फ्रीजसमोर उभा राहिलो, दार उघडून. कोट घातलेला होता. दोनदा एका पोरानं येऊन विचारलं, अंकल, यू लुकिंग फॉर व्हॉट? तिसऱ्यांदा त्याचा मॅनेजर आला. कोळंबीचं पाकीट घेऊन आलो. आम्ही कोळंबी खात नाही.

१ जानेवारी, बुधवार.

संकल्प. एक: रिपोर्ट पूर्ण. दोन: गार्गीला सरळ विचारायचं. आडून आडून पुरे झालं.

दुपार.

विचारलं. म्हटलं, मीही येतो आईबरोबर. हॉलमध्ये झोपीन. सोफ्यावर झोपीन. शेगडीचंही जागेवर बघता येईल. मग गार्गी म्हणाली, बाबा, प्लीज. ऑक्टोबरात तुम्ही आलात तेव्हा स्वयंपाकघर तीनदा लावलंत. मला या वेळी शांत हवंय.

शांत हवंय.

मी म्हटलं, हो हो, बरोबर आहे, मला इथे कामंही आहेत. फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. सविता चहा घेऊन आली. कप हातात दिला आणि शेजारी उभी राहिली. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तीनदा नव्हतं, दोनदाच लावलं होतं, तिसऱ्यांदा फक्त डबे फिरवले.

४ जानेवारी, शनिवार.

चांगी विमानतळावर सविताला सोडलं. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, सुंठ, खारीक, मऊ लुगड्यांची दुपटी. मीच भरली. शेवटच्या क्षणी लक्षात आलं, वेखंड राहिलं! बाळाच्या घरात वेखंड नको? म्हटलं थांब, टॅक्सीनं लिटल इंडियातून घेऊन येतो, वेळ आहे. ती म्हणाली, नको, तिथे आहे.

सप्पोरोत वेखंड मिळतं! कमाल आहे जपानची.

आत जाताना माझा हात धरून म्हणाली, मनाला लावून घेऊ नका हं काही. म्हटलं छे. मग काचेतून दिसेनाशी होईपर्यंत हात करत राहिलो. तिच्यामागच्या एका वेगळ्याच बाईला बराच वेळ हात केला, चष्मा पुसल्यावर कळलं.

९ जानेवारी, गुरुवार.

घर मोठं वाटतं. आपलं घर कधी मोठं वाटेल असं वाटलं नव्हतं.

रिपोर्ट पूर्ण. गार्गी आणि प्रबोध दोघांना ईमेल केला. निष्कर्ष थोडक्यात असा: गोंद नाही, बुरशी नाही, मासळी नाही. साठवणूक निर्दोष. वासाचा उगम सापडत नाही. बहुधा झाडाच्याच जातीत असावा. पुढच्या वर्षी दुसरं झाड घ्यावं.

प्रबोधनं नमस्काराचे हात पाठवले. गार्गीनं काही नाही. थकली असेल. थंडीत बसून माणूस थकणारच. माझ्याच्यानं वास काही जाईना, हे खरं आहे. माझी पोरगी कुडकुडतेय आणि मी इथे खिचडी ढवळतोय. एवढंच काम होतं आणि तेही जमलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार.

संक्रांत. तिळगूळ दुकानातून आणला, चौथ्या मजल्यावर नेऊन दिला. को आंटींनी विचारलं, बेबी कम ऑलरेडी? नॉट येट. स्टोव्ह ओके? नॉट ओके. त्यांनी मान हलवली आणि मला बसवून कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजली. त्यांचा मुलगा मेलबर्नला असतो. त्यांनाही बोलावत नाहीत, पण त्यांना त्याचं काही वाटत नाही म्हणाल्या. मीही तेच म्हटलं. मग दोघं टीव्ही बघत बसलो.

१९ जानेवारी, रविवार.

मुलगी!! मुलगी झाली. दोघी सुखरूप. सविताचा फोन आला तेव्हा मी कोट घालून फ्लॅटमध्ये फिरत होतो, सवय मोडू नये म्हणून. तसाच खाली गेलो, चौथ्या मजल्यावर सांगितलं, गार्डला सांगितलं, चपात्यावाल्याला सांगितलं. घामानं निथळत होतो. गार्डनं पाणी दिलं.

फोटोत नाक माझ्यासारखं आहे. सविता म्हणते एवढ्यात काही कळत नाही. मला कळतं.

२४ जानेवारी, शुक्रवार. सकाळ.

घरी आल्या दोघी. काल पाचवीची पूजा झाली. आज सगळे व्हिडिओवर. बाळ सविताच्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेलं, एक मूठ बाहेर. मी इथून हाका मारत होतो, ती झोपली होती.

मग मागे बघितलं तर शेगडी पेटलेली. चांगली ढणढण पेटलेली, नारिंगी. नाताळचे दिवे होते तिथेच. म्हटलं, अरे, वास? बाळाला चालतो वास? प्रबोध घाईघाईनं शेगडीसमोर येऊन उभा राहिला. मग सहज, विषय वाढू नये म्हणून म्हटलं, बरं, वेखंड मी कुरियर करू का अजून? दुकानदारानं मागेच विचारलं होतं. तर सविता, बाळाकडे बघत, नेहमीसारखीच म्हणाली, कशाला? तुम्ही पिंपांत टाकलेलं पुष्कळ उरलंय.

मी म्हटलं, पिंपांतलं का काढलं?

शेवटी प्रबोधनंच सांगितलं, बिचारा फार अवघडला होता. वास त्याचाच होता. त्या बरणीच्या दिवशी आईंना झाकण उघडताक्षणी कळलं. त्याच दिवशी पुरचुंड्या काढल्या, पेलेट बाल्कनीत उघडे ठेवले, आठवडाभरात वास गेला. तेव्हापासून शेगडी चालू आहे. तुम्ही इतकं मनापासून शोधत होता बाबा, सांगवेना. गार्गी म्हणाली, आणि सांगितलं असतं तर तुम्ही रिपेअर करायला आला असता लाह. सगळे हसले. मीही हसलो. मोठ्यानं हसलो.

म्हणजे ती कुडकुडत नव्हती. महिन्याहून जास्त ती उबेत होती. आधी तेच मनात आलं, आणि बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. नंतर बाकीचं मनात आलं.

मग सवितानं कॅमेरा खाली केला. पाळण्याच्या उशाशी, दोऱ्यानं बांधलेली, माझ्या जुन्या धोतराच्या फडक्याची पुरचुंडी. गाठ मीच मारलेली, ओळखली. गार्गी बाळाच्या टाळूपाशी नाक नेऊन म्हणाली, बाबा, हिला आता आजीच्या कपाटाचा वास येतो. सो नाइस. मग म्हणाली, तुम्ही एप्रिलमध्ये या. तोवर थंडी सरेल, शेगडी बंद असेल.

मी म्हटलं, हो, चालेल. मला इथे कामं आहेतच.

संध्याकाळ.

बरणीत तळाला चार पेलेट उरले होते. हुंगून बघितले. वेखंड आणि हिंग. धडधडीत वेखंड आणि हिंग. आधी कसं आलं नाही लक्षात?

पुरचुंडी तिच्या उशाशी आहे आणि मी यिशुनमध्ये.

एप्रिलपर्यंतचा संकल्प: कशालाही हात लावायचा नाही. तिथे गेलं की पाहुण्यासारखं बसायचं, देतील तो चहा प्यायचा, डबे फिरवायचे नाहीत. प्रबोधला पिंपांबद्दल एक शब्द नाही. हे पक्कं.

एप्रिलमध्येही तिकडे गारठा असतो म्हणे, म्हणजे कोट लागेलच. घडी करून कपाटात ठेवला. एवढी भारी लोकर, तीन महिन्यांत कसर लागायची, म्हणून दुपारी लिटल इंडियातून आणलेल्या वेखंडाच्या पुरचुंड्या करून चारही खिशांत टाकल्या आहेत.